बैलांच्या कपाळावरचा समुद्र

“सात समुद्रांचं पानी, माय कोनी मोजलं?
माह्या भावानं वं बाई, बोट बुडवून पाह्यलं!”

इंदूआत्याचा हा आवाज जमुनाला अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. जमुना तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. आत्या ज्वारी दळायची, जमुना तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायची, आणि जात्याच्या घरघरीवर हे गाणं तरंगत राहायचं. आत्याला जाऊन सात वर्षं झाली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. अकोल्याहून समुद्र पाहायचा तर आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागे, आणि आत्या कधी बोरगावच्या पुढे गेली नव्हती. पण गाणं रचायला तिला कुठं तिकीट लागत होतं?

आणि नवल असं, की गाण्यातलं खरं झालं. जमुनाचा दादा भगवंत नागपूरला शिकला आणि खरोखरच समुद्र मोजायला गेला! कारवारच्या बाजूला माडवेली नावाच्या बंदरात एक समुद्र-संशोधन केंद्र होतं. तिथं तो नोकरीला लागला. वस्तीतला पहिला एम.एस्सी.!

पण आज, १९६४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, जमुनाला कुठलंच गाणं गोड लागत नव्हतं.

धप्! धप्! धप्!

अंगणातल्या दगडावर ती सुके बांगडे आपटत होती. आपटले की मीठ झडतं, हे खरं. पण ही आपटणी मिठासाठी नव्हती.

“अवं, मेलेल्याले आनखी किती मारशीन?” कुंपणापाशी शालू उभी होती. शालूची आई गंगूबाई झेंडूची फुलं विकायची. दिवाळीचे दिवस असल्यानं शालूचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तिच्यामागे खुशालराव गुरुजींचा मुलगा पंजाब होता. चौदा वर्षांचा, उंच, आणि सगळ्या जगाची परीक्षा घ्यायला निघाल्यासारखा.

“परवा पाडव्याला गायगोधन आहे. बैलांचे साज पाहायला येणार ना?” पंजाबनं विचारलं.

“आमी नाय पाळत गायगोधन.”

“पाळू नको. पाह्याले तर ये!” शालू म्हणाली. “काय झालं वं? तोंड असं काहून करून राह्यली?”

जमुनानं घराकडं पाहिलं. आत, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली, दादा पाठ करून पडला होता. आठ दिवस झाले, तो असाच पडला होता. ‘रजेवर आलो,’ एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं.

जमुनानं आवाज खाली आणला. “दादाच्या पेटीत सरकारी कागद सापडला मले. त्याच्या सायबाचा. दादानं खोटे आकडे लिहिले म्हनते! पंधरा तारखेपर्यंत खुलासा दे, नाय तर घरी बस!”

“खोटे आकडे? कशाचे?”

“माशाइचे!” आणि तिनं पुढचा बांगडा असा आपटला, की त्याच्या गालाचं झाकणच निखळून उडालं. कागद वाचताना तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

उडालेलं झाकण शालूच्या पायाशी पडलं.

“अव्वा! या माशानं तर बाळी घातली कानात!”

खरंच! झाकणाला बारीक तारेनं एक चकती अडकवली होती. पिवळी, कचकड्याची, अंगठ्याच्या नखाएवढी. पंजाबनं ती सदऱ्याला पुसली, डोळ्यापाशी धरली आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली.

“एम... चारशे सतरा. आणि मागं... ‘परत पाठवा, माडवेली.’ जमुना! माडवेली म्हणजे तुझ्या दादाचं—”

जमुना केव्हाच घरात धावली होती.

भगवंतनं चकती हातात घेतली आणि तो ताडकन उठून बसला. मग मासा मागितला. मासा नाकाशी नेला, उलटापालटा केला आणि लहान पोरासारखा हसला. डोळ्यांत मात्र पाणी होतं.

“चारशे सतरा! मी सोडला होता याले. माह्या हातानं! कोठं सापडला?”

“मायनं शुक्रवारच्या बाजारातून आनला. दादा, आमाले सगळं सांग. मी कागद वाचला.”

भगवंतनं तिघांना समोर बसवलं.

“शेत काहून नांगरतात, सांगा बरं?”

“खालची माती वर यावी म्हणून,” पंजाब म्हणाला.

“बरोबर. समुद्रालेही असा नांगर लागतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यापाशी खालचं थंड पाणी वर येतं. तापमापक लावलेली बाटली दोरीनं खाली सोडून आम्ही त्याची थंडी मोजतो. थे पाणी तळचं खत वर आणते. मग डोळ्याले न दिसणाऱ्या वनस्पती इतक्या माजतात, की पाणी हिरवं दिसते! त्या खायाले बारके जीव येतात, अन् त्या जिवांवर बांगड्यांचे थवेच्या थवे. पण हे थवे मग जातात कोठं? कोणालेच माहीत नाही. आज देशोदेशींची जहाजं हिंदी महासागर तपासून राह्यली, पण एवढी साधी गोठ अजून अंधारात आहे.”

“मंग माशाले चकती लावायची अन् सोडून द्यायचं!” शालूनं टाळी वाजवली.

“हो. जिथं धरला जाईन, तिथून चकती परत येईन. बाराशे बांगड्यांले लावल्या मी. प्रत्येकाची लांबी, तारीख, पाण्याची थंडी, सगळं वहीत आहे. साहेब म्हणतात, बांगडे माडवेलीच्या आसपासच राहतात. मी म्हणतो, दक्षिणेले जातात. वर्ष झालं, एकही चकती आली नाही. साहेबानं ठरवलं, की मी चकत्या लावल्याच नाहीत. समुद्रात फेकल्या अन् वही घरी बसून भरली!”

“पण चकती परत पाठवा, हे कोळ्यांना कसं कळणार?” पंजाबनं विचारलं.

“माडवेलीच्या धक्क्यावर सूचना लावली होती. इंग्रजीत.”

“इंग्रजीत? कोळ्यांसाठी?”

“मी म्हटलं, दुसऱ्या बंदरांवर लावू, त्यांच्या भाषेत लावू. साहेब म्हणाले, गरज नाही.”

“अन् आता खोटा कोन? तू!” जमुना किंचाळलीच. “पाठव ही चकती त्याच्या टेबलावर! आताच्या आता!”

भगवंतचा चेहरा पुन्हा विझला. “एक चकती? माह्याच गावात, माह्याच घरी सापडलेली? साहेब म्हणतील, खिशातून नेली अन् माशाले अडकवली. तिऱ्हाईत माणसानं सांगाले पायजे, जमुना. मासा कोणत्या बंदरावरून आला, केव्हा आला. तेव्हा त्याले अर्थ.”

“मंग आनते मी तसा मानूस!” जमुना उठली.

ओसरीवर वडील डोमाजी बसले होते. ते जिन-प्रेसमध्ये कापसाच्या गठाणींवर मार्के, म्हणजे काळ्या शाईचे छाप, मारायचे. बोटांचा काळा रंग सणालाही निघत नसे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चकती पाहून ते म्हणाले, “हे पाह्यलं तर व्यापारी मार्काच समजन कोनी बी. अन् पोरी, दुसऱ्याचा मार्का आपल्या मालावर कोनी ठेवत नसते. गिऱ्हाइकाले मालाचं गाव कळलं, तर थो सरळ तिथंच जाईन ना! माल हाती आला, की पहिले जुना मार्का काढून टाकतात. ही एक नजरचुकीनं राह्यली असन.”

“म्हणजे बाकीच्या काढल्या!” पंजाब ओरडला. “काकू मासे कोणाकडून घेतात?”

डोमाजी म्हणाले, “बांगडे तर बाजारात एकाकडूनच येतात. किसनराव सेठकडून.”

*

मालधक्क्यामागे किसनरावांचं गोदाम होतं. दाराशीच खारट वास नाकात घुसला. आत छतापर्यंत गोण्या रचल्या होत्या, आणि प्रत्येक गोणी उलटी करून शिवलेली, छाप आतल्या बाजूला! गादीवर सेठ बसले होते. पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या.

“काय पायजे बे पोट्टेहो?”

“सेठ, हे बांगडे कोठून येतात?” जमुनानं थेट विचारलं.

“समुद्रातून!” सेठ खो खो हसले. मुनीम हसला, हमाल हसले.

“कोन्या गावच्या समुद्रातून?”

सेठचं हसणं चटकन थांबलं. “मालाचं गाव मी माह्या सख्ख्या भावाले नाय सांगतलं. तुले सांगू? तू डोमाजीची ना वं? तुया भाऊ समुद्र मोजते म्हनते! इथं मोर्ना नदीत घोट्याएवढं पानी नाही, अन् हा समुद्र मोजून आला! किती भरला मंग? पायलीभर, का चिपटंभर?”

पुन्हा हशा. जमुनाच्या मुठी आवळल्या गेल्या. तिनं एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात शालूनं तिची ओढणी खेचली आणि डोळ्यांनी परसाकडं खूण केली.

परसात सेठची लाडकी पांढरी खिल्लारी जोडी उभी होती, हिरा आणि मोत्या. एक गडी त्यांच्या कपाळाला साज बांधून पाहत होता. लाल मखमलीची रुंद पट्टी आणि तिच्यावर ओळीनं टाचलेल्या, उन्हात लखलखणाऱ्या... पिवळ्या चकत्या! बैलानं मान हलवली की चाळीस सूर्य एकदम चमकायचे.



“सेठ,” पंजाबनं आवाज शक्य तितका साधा ठेवला, “साज भारी आहे हं! या चकत्या कुठून आणल्या?”

किसनरावांनी एकदा मुनिमाकडं पाहिलं, एकदा गोण्यांकडं. “त्या? त्या... अमरावतीच्या बाजारातून. विकत आनल्या. चला, पळा इथून! पुन्हा दिसले तर तंगडं मोडीन!”

बाहेर आल्यावर जमुनानं रस्त्यातल्या धोंड्याला लाथ मारली. अंगठा ठेचकाळला, पण ती कळवळली नाही.

“खोटं! तोंडावर खोटं! दादाच्या चकत्या बैलाच्या डोस्क्यावर मिरवते, अन् वरून दादाले हसते!”

“खोटं आहे, हे आपल्याला माहीत,” पंजाब म्हणाला. “पण पुरावा?”

“तुया पुरावा घाल चुलीत!”

चालता चालता शालूनं हळूच विचारलं, “जमने, रागावू नको. पन तो कागद वाचल्यावर... तुले एकदा बी वाटलं नाही का वं? की दादानं खरंच...”

जमुना गर्रकन वळली. तिचा चेहरा असा झाला, की शालू दोन पावलं मागं सरली.

“घरी जाय तू! आताच्या आता! असल्या मैत्रिनी नाय पायजेत मले!”

“मी तर नुसतं—”

“जाय म्हनलं ना!”

“अगं ए, भांडता काय!” पंजाब मध्ये पडला. “इथं डोकं चालवायचं सोडून... थांबा! थांबा, थांबा!” तो रस्त्याच्या मधोमधच उभा राहिला. मागून येणाऱ्या खाचराच्या गाडीवानानं त्याला एक शिवी हासडली. “विकत आणल्या म्हणाले ना सेठ? विकत?”

“मंग?”

“गायगोधनाला उत्तम साजाच्या जोडीला मानाचा फेटा मिळतो. पंच कोण? माझे बाबा! आणि नियम काय? साज घरी केलेला पाहिजे! गेल्या वर्षी एका जोडीची झूल इतवारच्या बाजारातून विकत आणलेली निघाली, तर बाबांनी सरळ बाद केली. तो माणूस अजून आमच्याशी बोलत नाही!”

जमुनाचे डोळे बारीक झाले. “म्हनजे चकत्या विकतच्या, तर सेठ बाद. अन् फेटा पायजे असन, तर खरं सांगाच लागते!”

“सगळ्या गावासमोर!”

“गुरुजीले आधी सांगायचं का?” शालूनं विचारलं. ती गेली नव्हती.

“छे! बाबा म्हणतील, पंचाच्या कानाशी आधी लागू नये. जे व्हायचं ते मैदानात!”

जमुनानं शालूकडं पाहिलं नाही, पण एवढं म्हणाली, “झेंडूची टोपली आनशीन ना?”

“दोन आनते!” शालू म्हणाली.

*

पाडव्याच्या सकाळी मोर्णेकाठचं मैदान फुललं होतं. डफड्यांचा दणका, गायी राखणाऱ्या गोवाऱ्यांचा नाच, शिंगांना रंग, गळ्यांत घुंगरमाळा. गायी न्हाऊन माखून अशा चालत होत्या, जशा माहेराला आलेल्या लेकी. पण जमुनाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होती फक्त एक लाल मखमली पट्टी.

भगवंतला तिनं अक्षरशः ओढत आणलं होतं. “वही घे! माशाइची वही घे! काहून ते इचारू नको!” आणि तो कार्बनच्या प्रतींची जाडजूड वही काखेत धरून गर्दीच्या कडेला उभा होता. डोमाजीही कामाचा सदरा घालूनच आले होते.

खुशालराव गुरुजी चष्मा सावरत एकेका जोडीपुढून फिरत होते. शेवटी दोनच जोड्या उरल्या. नत्थुजींच्या तांबड्या बैलांना घरच्या कापसाच्या सुताचे गोंडे होते. नत्थुजींच्या म्हातारीनं ते महिनाभर वळले होते. आणि किसनराव सेठची जोडी! तिच्या कपाळावर तर नुसता लखलखाट! लोक ‘वाहवा, वाहवा’ करत होते. सेठच्या मिशांना आणखी पीळ बसत होता.

“फेटा... मला वाटतं, किसनराव...” गुरुजींनी तोंड उघडलं.

आणि शालू टोपली डोक्यावर घेऊन गर्दीतून पुढं घुसली.

“नत्थुजी काका! घ्या, तुमच्या बैलाइले हार! फुकट!” तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. “तुमचा साज अस्सल घरचा! सेठसारखा विकतचा नाही!”

डफडी थांबली.

“कोन म्हनते विकतचा?” सेठ कडाडले.

“तुमीच!” जमुना पुढं आली. तिनं सेठकडं बोट रोखलं. “परवा गोदामात म्हनले ना? अमरावतीच्या बाजारातून विकत आनल्या! सांगा, नाय म्हनले? तुमचा मुनीम उभा हाये, त्याले इचारा! हा पंजाब उभा हाये!”

“म्हणाले होते, बाबा,” पंजाबनं हात वर केला.

गुरुजींनी चष्म्यावरून सेठकडं पाहिलं. “किसनराव, विकतचा साज असेल तर नियम तुम्हाला माहीत आहे.”

गर्दीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. “कचकड्याचे बैल!” एक पोरगं ओरडलं. परवा दुसऱ्याला हसणारे सेठ आज स्वतः हशाच्या मधोमध सापडले होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

“विकत? माह्या हिरा-मोत्याले विकतचा साज?” ते गरजले. “अरे, वर्षभर माह्या घरच्या मानसानं एकेक चकती जमवली अन् आपल्या हातानं टाचली! बाजारात भेटते का असली चकती? बांगड्याच्या गालफडातून काढली हाये, गालफडातून!”

“बांगड्याच्या?” गुरुजी चकित झाले. “माशाला चकत्या? कुठल्या माशाला?”

“मंगलूरच्या! थेट मंगलूरहून येते माल माह्या! दर चार-पाच गोन्यांत एक तरी निंगतेच! गेल्या दिवाळीपासून—”

सेठचं वाक्य तिथंच थांबलं. हात तोंडाकडं गेला. पण शब्द कधी परत येतात का? सुक्या मासळीचे आणखी तीन व्यापारी गर्दीत होते, आणि तिघांचेही कान टवकारले होते. सख्ख्या भावापासून लपवलेलं गाव सेठनी उभ्या अकोल्याला सांगून टाकलं होतं!

“ऐकलं, गुरुजी?” जमुना ओरडली. “मंगलूर! माडवेलीच्या दक्षिणेले! साऱ्याईनं ऐकलं! आता वाचा चकत्यांवरचे नंबर! दादा, उघड वही!”

गुरुजींना काहीच उमगेना. पण मुलीच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की ते निमूटपणे हिराच्या कपाळाशी वाकले. “एम... दोनशे अठ्ठ्याऐंशी.”

भगवंत पुढं आला. त्यानं वही उघडली, पण पाहिलं नाही. डोळे मिटून त्यानं सांगितलं, “चोवीस सप्टेंबर. सकाळची होडी. एकवीस सेंटिमीटर. त्या दिवशी पाणी थंड होतं, अन् हिरवं.”

पंजाबनं वहीत बोट फिरवलं. “बरोबर! शब्दन् शब्द!”

“एम सहाशे तीन.”

“दोन ऑक्टोबर. बावीस सेंटिमीटर. शेपटीले जुनी जखम होती.”

“बरोबर!”

“एम एक हजार एकोणनव्वद...”

गुरुजी वाचत गेले आणि भगवंत सांगत गेला. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांच्यापुढं तो बैलांच्या कपाळावरून उतरून येत होता. एकेक मासा, एकेक सकाळ, पाण्याचा एकेक रंग. एक्केचाळीस चकत्या! एकही नोंद चुकली नाही.

किसनरावांना आता घाम फुटला होता. “गुरुजी... हे सरकारी मासे होते का? आमी तर लय खाल्ले! मले धरतीन काय?”

मैदान पुन्हा हसलं.

“धरणार नाहीत,” भगवंत म्हणाला. “उलट तुमच्याइतकी मदत मले कोणी केली नाही, सेठ. तुमी फक्त लिहून द्या. चकत्या कोण्या गोण्यांत निघाल्या, गोण्या कोण्या स्टेशनावरून आल्या, केव्हा आल्या.”

“अन् रेल्वेच्या बिल्ट्या द्या, मालाच्या पावत्या!” जमुना म्हणाली. “समद्या!”

“देतो वं माय, देतो!” सेठनी हात जोडले. “तू असं पाहू नको फक्त माह्याकडे!”

साज घरचाच ठरला, म्हणून फेटा सेठनाच मिळाला. पण डोक्यावर फेटा आणि बैलांची कपाळं उघडी, अशी त्यांची स्वारी घरी गेली. पंचांसमोर जबानी लिहिली गेली. खाली गुरुजींनी सही केली, नत्थुजींनी केली, आणि चकत्या, बिल्ट्यांच्या नकला, जबानी असं सगळं रजिस्टर टपालानं गेलं. माडवेलीला नव्हे, तर माडवेलीच्याही वर, थेट मुख्य कचेरीला. ही सूचना पंजाबची.

*

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. वस्तीतले सगळे ओसरीपुढं जमले. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. चौकशी रद्द. भगवंतनं ताबडतोब कामावर हजर व्हावं. बांगड्यांचे थवे दीडशे मैल दक्षिणेला जातात, याचा हा पहिला पक्का पुरावा आहे. यापुढे किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात, त्या त्या कोळ्यांच्या भाषेत, सूचना लावल्या जातील.

“शाब्बास रे माह्या वाघा!” डोमाजींनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. सदऱ्यावर काळा पंजा उमटला. मग ते मुलांकडं वळले. “अन् तुमी तिघं! मोठ्या मोठ्याईले जमलं नाही, थे तुमी केलं.”

“पंजाब, तुझी पंचाला फसवण्याची पद्धत मला पसंत नाही,” गुरुजी म्हणाले आणि हसले. “पण तुझा मला अभिमान वाटतो. आणि जमुना, तू नसतीस तर एका खऱ्या माणसाची नोकरी गेली असती.”

आई दुर्गाबाईनं तिघांच्या हातांवर गुळाचा खडा ठेवला. सगळे जमुनाचं नाव घेत होते. ‘भावावर असा विश्वास पायजे!’ कोणीतरी म्हणालं. ‘एका शब्दानं डगमगली नाही पोट्टी!’

आणि जमुनानं गुळाचा खडा फेकून दिला.

“त्या सायबानं माफी कोठं मागतली? चोर म्हनलं, खोटा म्हनलं, अन् आता ‘हजर व्हावं’? एवढंच?”

“जाऊ दे वं, आता काहून रागावून राह्यली?” आई म्हणाली.

“नाय जाऊ देत!” आणि ती परसात निघून गेली.

शालू मागोमाग आली आणि जरा अंतरावर उभी राहिली. “माह्यावर अजून राग हाये?”

“नाय,” जमुना भिंतीकडं पाहत म्हणाली. “तुयावर नव्हताच.”

शालू थोड्या वेळानं निघून गेली.

संध्याकाळच्या गाडीनं भगवंत जाणार होता. तो आतल्या खोलीत पेटी भरत होता. वही कापडात गुंडाळून त्यानं कपड्यांच्या मधोमध ठेवली. जमुना दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

“ये ना,” तो म्हणाला. “पुढच्या सुट्टीत तुले घेऊन जाईन माडवेलीले. होडीत बसवीन. बाटली खाली सोडायची, थंडी मोजायची. तुह्यासारखी रागीट पोरगी पायजे तिथं. साहेबाले भिववाले!” तो हसला. “खरं सांगू? साऱ्या जगात तू एकटीच अशी निघाली, जिले एकदाही शंका आली नाही.”

जमुनाचा चेहरा वेडावाकडा झाला. इतके दिवस दातांखाली धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. तिनं चौकट घट्ट धरली.

“आली होती,” ती म्हणाली. “कागद वाचला ना दादा, तवा पहिले मले वाटलं... तू खोटाच हायेस.”